लाल बटण दाबलं, मग पुढं काय?

मुलांनो, या आठवड्याचा प्रश्न शहागडहून आलाय. सातवीतला एक वाचकमित्र लिहितो : ‘मोठ्या गोदामांत सामान वाहणारे चाकांचे रोबो मी टीव्हीवर पाहिले. त्यांच्या अंगावर लाल बटण असतं. ते दाबलं की रोबो जागच्या जागी थांबतो. पण मग तो पुन्हा सुरू कसा होतो? आपण कुठं होतो, काय करत होतो, हे त्याला आठवतं का? आणि आमच्या कडबाकुट्टीला असं बटण का नाही?’

शहागड कुठं आहे ते आधी नकाशात शोधा बरं. जालना जिल्हा, अंबड तालुका, गोदावरीचा काठ. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना इथल्या पुलावरून गोदावरी ओलांडली, की आपण बीड जिल्ह्यात शिरतो. आसपास ऊस भरपूर, अंकुशनगरचा साखर कारखानाही जवळच.

पत्रात तसे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक रोबोचा, एक कडबाकुट्टीचा. पण गंमत अशी, की दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. कसं, ते पाहू या.

डोळे असलेली हातगाडी

यंत्रमानव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन हात, दोन पाय आणि चौकोनी डोकं येतं. सामान वाहणारा रोबो तसा नसतो. तो असतो बुटका, पाटासारखा, खाली चाकं. मांडणीखाली शिरतो, ती उचलतो आणि नेमून दिलेल्या जागी पोचवतो. त्याला रूळ लागत नाहीत, ड्रायव्हर लागत नाही. गोदामाचा नकाशा त्याच्या संगणकात असतो आणि वाट त्याची तो ठरवतो.

त्याला डोळे असतात लेसर किरणांचे. हे किरण सतत समोर फिरत असतात. एखाद्या वस्तूवर आपटून परत यायला त्यांना किती वेळ लागला, यावरून ती वस्तू किती लांब आहे ते त्याला कळतं. आपल्याभोवती तो दोन अदृश्य रिंगणं आखतो. बाहेरच्या रिंगणात कोणी आलं, की वेग कमी. आतल्या रिंगणात आलं, की थांबायचं. माणूस बाजूला झाला, की दोन-तीन सेकंद वाट पाहून स्वारी पुन्हा चालू! हे झालं त्याचं रोजचं थांबणं. रस्त्यात म्हैस आडवी आली की आपली सायकल थांबते ना, तसंच.

मग लाल बटण कशाला? कारण रोबोचे डोळे चुकू शकतात. मांडणीवरचं खोकं घसरायला लागलेलं त्याला दिसणार नाही. कोणाची ओढणी चाकात अडकली, तर ते त्याला कळेलच असं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतं. त्या माणसानं धावत जाऊन थाप मारावी, म्हणून ते बटण. पिवळ्या पाठीवर लाल, अळंबीच्या टोपीसारखं फुगीर. घाबरलेल्या माणसाला बोट नेमकं टेकवायला जमत नाही, म्हणून तळहातानं दाबता येईल एवढं मोठं.

बटणाच्या पोटात

आता एक प्रश्न तुम्हांला. दारावरच्या घंटेचं बटण दाबलं की काय होतं? तार जोडली जाते, वीज वाहते, घंटा वाजते. बरोबर. आता समजा, ती तार उंदरानं कुरतडली. घंटा वाजणार नाही, पाहुणे दारावर थाप मारतील. फारसं काही बिघडत नाही.

पण रोबोचं लाल बटणही असंच केलं असतं तर? उंदरानं तार कुरतडलेली कोणालाच कळली नसती. ती कळली असती नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी कोणीतरी जिवाच्या आकांतानं बटण दाबलं असतं आणि रोबो थांबला नसता.

म्हणून इंजिनिअर लोकांनी उलटं केलं. या बटणातून वीज सतत वाहत असते. ‘सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे’ असा जणू अखंड जप. बटण दाबलं की हा जप तुटतो आणि चाकांची वीज बंद होते. तार कुरतडली, सुटली, जळाली, तरीही जप तुटतो आणि रोबो थांबतो. शिवाय एका तारेवर विसंबायचं नाही, म्हणून तारांच्या दोन वेगळ्या जोड्या ठेवतात. म्हणजे बटण बिघडलं, तरी ते थांबण्याच्याच बाजूनं बिघडतं!

मुंबईच्या लोकलमध्येही हीच युक्ती आहे. मोटरमनला गाडी चालवताना एक दांडा दाबून धरावा लागतो. त्याला भोवळ आली आणि हात सुटला, तर ब्रेक आपोआप लागतात. धोका झाल्याचं कळवायला माणूस शुद्धीवर नसला, तरी यंत्राला ते समजलं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

थांबायच्याही तऱ्हा

थांबायचं म्हणजे एकदम थांबायचं, असंच तुम्हांला वाटेल. पण शहागडच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली जाताना आठवा. ऊस कसा वरपर्यंत रचलेला असतो! ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, तर ट्रॉली थांबेलही, पण मोळ्या रस्त्यावर येतील.

सामान लादलेल्या रोबोचंही तेच. म्हणून आणीबाणीच्या थांबण्याचे दोन प्रकार ठरवले आहेत. पहिल्यात वीज क्षणात तोडतात. दुसऱ्यात आधी चाकं आवरत, पण झटपट थांबवतात आणि मग वीज तोडतात. कुठल्या रोबोला कुठला प्रकार, हे त्याचं वजन, वेग आणि डोक्यावरचं ओझं पाहून ठरतं. तिसराही एक प्रकार आहे. त्यात यंत्र थांबतं, पण वीज चालूच राहते. हा रोजच्या कामात चालतो, आणीबाणीत मात्र चालत नाही. कारण वीज चालू म्हणजे यंत्र पुन्हा हलण्याची शक्यता चालू!

आता खरी गोष्ट

बटण दाबलं, रोबो थांबला. सगळ्यांनी हुश्श केलं. बहुतेकांना वाटतं, गोष्ट संपली. पण जाणकार माणसं खरी सावध होतात ती इथूनच.

का सांगा पाहू? रोबो चालू असतो तेव्हा सगळे त्याच्यापासून लांब असतात. तो थांबला की माणसं जवळ येतात. कोणी वाकून चाकात अडकलेलं फडकं ओढतं, कोणी खाली सांडलेला माल गोळा करतं. अशा वेळी पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या कोणाला वाटलं, ‘झालं वाटतं काम,’ आणि त्यानं दाबलेलं बटण फिरवून वर काढलं, तर?

म्हणून नियम असा आहे : बटण वर काढलं, तरी यंत्र हलता कामा नये. बटण सोडणं म्हणजे फक्त ‘आता थांबून राहा म्हणत नाही’ एवढंच. ‘चल’ म्हणणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी दुसरं बटण असतं, बहुतेक ठिकाणी निळं. ते अशा जागी ठेवतात, की दाबणाऱ्याला धोक्याची सगळी जागा डोळ्यांनी दिसावी. आणि ते दाबायच्या आधी बटण का दाबलं गेलं ते शोधायचं, मागंपुढं-खाली वाकून पाहायचं, सगळ्यांना बाजूला करायचं. मगच चालू.

थोडक्यात, थांबवायला कोणाचीही परवानगी लागत नाही. साहेब असो की झाडू मारणारा कामगार, शंका आली की बटण दाबावं. सुरू मात्र त्यानंच करायचं, ज्यानं स्वतः पाहून खात्री केली आहे.

कडबाकुट्टी आणि गेलेली लाईट

आता आपल्या मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, संध्याकाळी कडबाकुट्टी चालू आहे आणि लाईट गेली. पाती थांबली. तोंडात चारा अडकलाय. आता बंदच आहे म्हणून कोणीतरी हात घालून तो ओढायला लागलं. आणि तेवढ्यात लाईट आली!

साधा चालू-बंद स्विच असेल, तर तो चालूच राहिलेला असतो. लाईट आली की पाती फिरणार. कोणी बटण दाबलेलं नाही, कोणाचा वाईट हेतू नाही; पण यंत्र मात्र आपोआप सुरू.

स्टार्टर असेल तर असं होत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाहिलाय ना? हिरवं बटण, लाल बटण. हिरवं दाबलं की आतलं विद्युतचुंबक पट्टीला खेचून धरतं आणि मोटार चालते. लाईट गेली की चुंबकाचं बळ जातं, पट्टी सुटते. लाईट परत आली तरी पट्टी सुटलेलीच राहते. कोणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार गप्प. रोबोच्या निळ्या बटणाचा हा आपल्या शेतातला थोरला भाऊच म्हणा ना!

पण आपल्याकडे लाईट येते रात्री-अपरात्री. दोन वाजता उठून शेतात कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच जोडतात. लाईट आली की तोच मोटार चालू करतो. शेतकऱ्याची झोप वाचते हे खरं. पण विहिरीत कोणी उतरलं असेल, मोटारीची दुरुस्ती चालली असेल, तर? शिवाय सगळ्यांच्या मोटारी एका क्षणी सुरू झाल्या, की रोहित्रावर एकदम भार येतो. म्हणून महावितरणही ऑटोस्विच न लावण्याचं आवाहन करत असते. पंपावर हे, तर जिथं माणसाचे हात पात्याजवळ जातात, त्या यंत्राला आपोआप सुरू होणं किती महागात पडेल!

‘आमच्या कडबाकुट्टीला लाल बटण का नाही?’ याचं उत्तर असं, की ते असायलाच हवं. पण नुसतं बटण पुरणार नाही. कडबाकुट्टीचं चाक जड असतं. वीज तोडली तरी ते काही वेळ स्वतःच्या वेगानं फिरतच राहतं. म्हणजे बटणाच्या जोडीला चाकावर जाळी हवी, लाईट आली तरी सुरू न होणारा स्टार्टर हवा, आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत हात लांब ठेवायची सवय हवी. मळणीयंत्रांमध्ये हात गमावलेल्या माणसांची दुःखं आपल्या देशानं एवढी पाहिली, की अशा धोकादायक यंत्रांसाठी १९८३ मध्ये खास कायदाच करावा लागला.

मी कुठं आहे?

आता रोबोच्या आठवणीबद्दल. आणीबाणीत वीज तोडतात ती चाकांची, डोक्याची नव्हे. म्हणजे हातपाय बांधलेले, पण संगणक जागा. त्यामुळे आपण कुठलं खोकं कुठं नेत होतो, हे त्याच्या लक्षात राहतं.

मात्र अडचण एकच. थांबलेल्या रोबोला कोणी हातानं ढकललं तर? आपण किती चाललो हे तो चाकांचे फेरे मोजून ठरवतो. उचलून बाजूला ठेवलं, तर फेरे मोजलेच जात नाहीत. मग तो मनात समजतो आपण दारापाशी आहोत, आणि असतो मात्र भिंतीपाशी! आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधून तीन गिरक्या दिल्यावर आपलं जसं होतं, तसंच त्याचं होतं. अशा वेळी आपण काय करतो? हात पुढं करून भिंत चाचपतो. रोबोही तेच करतो. लेसरनं आजूबाजूच्या भिंती, खांब पाहतो आणि ते नकाशाशी जुळवतो. जुळले तर पुढं. नाही जुळले, तर शहाणा रोबो अंदाजानं निघत नाही. दिवा लुकलुकवून माणसाला बोलावतो.

मंगळावर आणि चंद्रावर

तुम्ही म्हणाल, ‘प्रत्येक वेळी माणसानंच सुरू करायचं, तर जिथं माणूसच नाही तिथं काय?’ छान प्रश्न!

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्याच्याबरोबर सोजर्नर नावाची छोटी सहाचाकी रोबोगाडी होती. काही दिवसांनी यानाचा संगणक मधूनच बंद पडून नव्यानं सुरू व्हायला लागला. झालं होतं असं : समजा, शाळेत हेडसरांना कपाटाची किल्ली तातडीनं हवी आहे. ती आहे पहिलीतल्या एका पोराच्या हातात. पोरगं द्यायला निघालंय, पण पाचवीची मुलं ‘आधी आम्ही’ म्हणून त्याला दारातच अडवून ठेवतात. पोरगं अडकलं, म्हणून हेडसरही अडकले! संगणकातल्या तीन कामांचं अगदी असंच झालं होतं.

त्या संगणकात एक राखणदार घड्याळ होतं. महत्त्वाच्या कामाकडून ठरलेल्या वेळात ‘मी ठीक आहे’ असा निरोप आला नाही, तर ते सगळा संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचं. त्या दिवशीचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं, पण यान वाचायचं. इकडे शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली. युक्ती काय होती? किल्ली ज्याच्या हातात, त्याला तेवढ्यापुरता हेडसरांचा मान द्यायचा!

लक्षात आलं का? मंगळावर यंत्र आपोआप सुरू झालं ते चाललं, कारण तिथं त्याच्याखाली कोणाचा हात नव्हता. गोदामात आणि गोठ्यात तसं चालत नाही. यंत्रानं आपोआप सुरू व्हावं की नाही, हे यंत्र किती हुशार आहे यावर ठरत नाही. त्याच्या शेजारी कोण असू शकतं, यावर ठरतं.

आणि आपला प्रज्ञान? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं आणि २६ किलोची ही सहाचाकी गाडी बाहेर आली. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ गोगलगाय! २७ ऑगस्टला तिला समोर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, फक्त तीन मीटरवर. प्रज्ञान सगळे निर्णय स्वतः घेत नव्हता. पृथ्वीवरून शास्त्रज्ञ त्याला आज्ञा देत होते. त्यांनी ‘मागं फीर’ अशी आज्ञा दिली आणि तो आल्या वाटेनं परतून नव्या वाटेला लागला. तिथं जाऊन त्याला हात देणारं कोणी नव्हतं, म्हणून सावकाश चालणं आणि वेळेवर मागं फिरणं हीच त्याची सुरक्षा.

पुढं चंद्रावर रात्र होणार, म्हणून २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. बॅटरी भरलेली होती, सौरपट्टी उगवत्या सूर्याकडे होती, निरोप ऐकणारं यंत्रही चालू ठेवलं होतं. सकाळ झाल्यावर हाका मारल्या, पण तो उठला नाही. चंद्रावरच्या रात्रीची भयंकर थंडी काढण्यासाठी तो मुळात घडवलेलाच नव्हता. तरीही झोपवताना शास्त्रज्ञांनी उठवायची तयारी करून ठेवली होती, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. थांबवतानाच पुढच्या सुरुवातीचा विचार करून ठेवायचा असतो.

मैदानावर करून पाहा

पाचजण जमा. एकजण रोबो, त्याचे डोळे बांधा. एकजण चालक. तो ‘दोन पावलं पुढं, उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देऊन रोबोला झाडापर्यंत नेईल. बाकी तिघे कामगार. कोणीही कधीही ‘थांब’ ओरडलं, की रोबोनं पुतळा व्हायचं. मग एका कामगारानं त्याला हळूच थोडं फिरवायचं. आता पुन्हा सुरू करताना चालकानं आधी सगळीकडे पाहायचं, प्रत्येक कामगाराला ‘तू बाजूला आहेस ना?’ असं नावानं विचारायचं, रोबोचं तोंड कुठं आहे ते बघायचं आणि मगच ‘चल’ म्हणायचं. एकही गोष्ट विसरला, तर चालक बाद. खेळून पाहा. ‘थांब’ म्हणणं सोपं आणि ‘चल’ म्हणणं किती अवघड, ते पाच मिनिटांत कळेल.

हे आईबाबांना वाचून दाखवा

घरात कडबाकुट्टी, मळणीयंत्र किंवा पिठाची गिरणी असेल, तर तीन गोष्टी ठरवून टाका. लाईट गेली की सर्वांत आधी स्विच बंद करायचा, जमलं तर पिनही काढायची. अडकलेलं काही काढायचं, तर चाक पूर्ण थांबल्यावर, आणि तेही मोठ्यांनीच, हातानं नव्हे, लाकडी दांडक्यानं. सुरू करणारा एकच माणूस; त्यानं ‘चालू करतोय’ असं मोठ्यानं सांगायचं आणि सगळ्यांचं उत्तर आल्यावरच बटण दाबायचं. साधा स्विच असेल, तर वायरमनला विचारून स्टार्टर बसवून घ्या. आणि पोरानं ‘बंद करा!’ म्हणून ओरडलं, तर आधी बंद करा, कारण नंतर विचारा. उगाच ओरडलं असेल तरी रागावू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी खरंच गरज असताना ते गप्प बसेल.

या आठवड्याचं कोडं

उंच इमारतीतल्या लिफ्टला ब्रेक असतो. तो विजेनं लागतो, की विजेनं सुटतो? लाईट गेल्यावर काय होईल याचा विचार करा, उंदरानं कुरतडलेली तार आठवा आणि कारणासह उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.